मागल्या दाराची फट

दिवाळीत पहाटेचा दणदणाट संपला, की आमच्या गल्लीतल्या पोरांचा एक ठरलेला उद्योग सुरू होई. न उडालेले लवंगी फटाके अंगणातून वेचून आणायचे, ते मधोमध मोडायचे आणि उघड्या पडलेल्या दारूला उदबत्तीचे टोक लावायचे. धमाका होत नसे. नुसती सुरसुर होई, थोडा धूर निघे आणि खेळ खलास! दारू तीच, कागद तोच. मग बंद असताना कानठळ्या बसविणारा फटाका उघडा पडताच असा फुसका का होतो, हा प्रश्न आम्हांपैकी कोणाच्या डोक्यात आला नाही.

पुढे कळले, की बंदुकीचा सारा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. दारूला सर्व बाजूंनी कोंडायचे आणि पळून जायला एकच वाट मोकळी ठेवायची, ती म्हणजे गोळीच्या पाठीमागून पुढे. मागल्या दाराला जराशी फट राहिली, तर जी शक्ती शत्रूकडे जायची ती बंदूक धरणाराच्या तोंडावर येते. ही फट किती असावी, ती कशी मोजावी आणि वाढली तर कशी बुजवावी, या विद्येला बंदूकवाल्यांच्या भाषेत ‘हेडस्पेस’ची तपासणी म्हणतात. शब्द परका आहे खरा. पण त्यामागची गोष्ट आपल्या खडकीपर्यंत येऊन पोचते.

हा शब्द मी प्रथम ऐकला तो शाळेत असताना, एन. सी. सी.च्या कॅम्पमध्ये. त्याला आता तीस वर्षे होत आली. आम्ही पोरे नेम मारायला शिकत होतो ते बावीस बोअरच्या छोट्या रायफलींवर. पण पहाऱ्यासाठी आणलेल्या काही थ्री-नॉट-थ्री रायफली साफ करण्याचे काम एका दुपारी आमच्याकडे आले. थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट, म्हणजे मागून सरकणारा तो पोलादी अडसर, अलगद बाहेर निघतो. आम्ही दहा-बारा रायफलींचे बोल्ट काढले, एकाच घमेल्यात तेलात बुडविले, फडक्याने लख्ख पुसले आणि हाताला येईल तो बोल्ट हाताला येईल त्या रायफलीत सारून मोकळे झालो. सगळे बसलेही व्यवस्थित. आम्ही आपल्याच हुशारीवर खूष!

संध्याकाळी आर्मोरर हवालदार तपासणीला आले. साताऱ्याकडचे गृहस्थ, बोलणे थोडे, मिशा पांढुरक्या. त्यांनी पहिली रायफल उचलली, तिच्या अंगावरचा नंबर पाहिला, बोल्टच्या मुठीवरचा नंबर पाहिला आणि रायफल खाली ठेवली. दुसरी उचलली, तिसरी उचलली. मग एवढेच म्हणाले, “समदे बोल्ट भाईर काढा. ज्याचा त्याला मिळाल्याबिगर आज जेवान न्हाई.”

मी धीर करून म्हटले, “काका, पण सगळे बोल्ट सारखेच तर आहेत!”

त्यांनी खिशातून एक पितळेची पुंगळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. ती दोन तुकड्यांत होती. बुडापासून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर, सुरीने कापावी तशी ती आडवी तुटलेली होती. “हीबी तुज्यासारखंच म्हनत हुती,” ते म्हणाले, आणि पुंगळी परत खिशात गेली. रात्री साडेनऊला आम्ही जेवलो.

ती पुंगळी कशाने तुटली, हे समजायला जरा मागे जावे लागते.

शिवकाळात आणि पेशवाईत आपल्याकडे वापरात होती ती ठासणीची बंदूक. तोड्याची असो की गारेची, तिच्या नळीचे मागचे टोक कायमचे बंद असे. दारू, चिंधी आणि गोळी ही सारी सामग्री तोंडातून घालायची आणि गजाने ठासायची. कोकणात शेताच्या राखणीसाठी अशा परवान्याच्या बंदुका अद्यापि आढळतात. भरायला वेळ लागे, उभे राहूनच ठासावे लागे, पावसात दारू भिजे. दोष अनेक होते. परंतु एक चिंता मात्र नव्हती. मागे दारच नसल्यामुळे दाराच्या फटीचा प्रश्नच नव्हता.

मागून भरण्याची कल्पना कोणाला सुचली नव्हती असे नाही. पोर्तुगीज गलबते आपल्या किनाऱ्याला लागली, तेव्हा त्यांच्या काठड्यांवर लहान फिरत्या तोफा असत. त्यांचा दारूचा पेला वेगळा, मूठ असलेल्या तांब्यासारखा. तो आधीच भरून ठेवायचा, तोफेच्या मागल्या खोबणीत बसवायचा आणि लोखंडी पाचर ठोकून घट्ट करायचा. बार झपाट्याने निघत, पण पाचर कितीही ठोकली तरी सांध्यातून आग आणि धूर बाहेर पडायचाच. निम्मा जोर तिथेच वाया. म्हणूनच पुढे तीन शतके जगातल्या बहुतेक सैन्यांनी मागल्या दाराचा नाद सोडून ठासणीवरच भिस्त ठेवली.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील प्रशियाच्या सैन्याने हे दार पुन्हा उघडले. ड्रायझ नावाच्या कारागिराची सुईची बंदूक त्यांनी १८४१ साली स्वीकारली. कागदी काडतूस मागून सरकवायचे, बोल्टची मूठ खाली पाडायची, की लांब सुई कागद भेदून आत ठिणगी पाडी. १८६६ च्या लढाईत ऑस्ट्रियाचे शिपाई उभे राहून गजाने ठासत असताना प्रशियाचे शिपाई जमिनीवर पालथे पडून बार काढीत होते. युरोप थक्क झाला. पण विजयी शिपायांची या बंदुकीविषयी एक तक्रार होती. मागल्या सांध्यातून तप्त वाफारा डोळ्यांकडे येई, म्हणून कित्येक जण गाल लावून नेम धरण्याऐवजी बंदूक कमरेशी धरूनच बार टाकीत. बंदूक नवी, पण पाचरेच्या तोफेचे जुने दुखणे तसेच राहिले होते.

हे दुखणे बरे केले ते पितळेने. पितळेची पुंगळी म्हणजे नुसती दारू भरण्याची डबी नव्हे; ती एक झडप आहे. बार होताच आतल्या वायूने पुंगळी फुगते आणि नळीच्या भिंतीला चारी बाजूंनी घट्ट चिकटते. वायूला मागे यायला केसाएवढीही वाट उरत नाही. गोळी निघून गेली, दाब उतरला, की तीच पुंगळी किंचित आकसते आणि सुटी होऊन बाहेर येते. फुगणे आणि आकसणे हे सारे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत! लोखंड इतके लवचिक नाही, शिसे इतके बळकट नाही. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांच्या पितळाला हे उत्तम जमते.

हे पितळही एका दिवसात वठणीवर आले नाही. १८५३ च्या ज्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसावरून आपल्याकडे १८५७ चा वणवा पेटला, तिचीच मागली बाजू कापून इंग्रजांनी १८६६ साली तिला बिजागरीचे झाकण बसविले. तिला स्नायडर म्हणत. तिची पुंगळी पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी करून बनविलेली असे. (इंग्रजांनी आता शहाणपण धरले होते. गोऱ्या पलटणींना नवी बंदूक मिळाली की जुनी देशी पलटणींना, असा एका पिढीचा फरक त्यांनी पुढे कित्येक वर्षे कटाक्षाने पाळला.) गुंडाळीच्या पुंगळीची खोड सुदानच्या वाळवंटात उघडी पडली. जानेवारी १८८५ मध्ये अबू क्लीच्या लढाईत, ऐन हातघाईच्या वेळी, मार्टिनी-हेन्री रायफलींत पुंगळ्या अडकून बसल्या. तेव्हापासून एकसंध पितळेची पुंगळी हाच नियम झाला. पितळेची जाड चकती घ्यायची आणि यंत्राने टप्प्याटप्प्याने ओढीत तिची नळी करायची. आपले तांबट भांडे घडविताना ठोकतात, ठोकून कडक झाले की तापवून नरम करतात आणि पुन्हा ठोकतात. तसेच इथेही ओढणे आणि तापविणे आळीपाळीने चालते. शेवटी पुंगळीचे बूड जाड आणि कडक राहते, तोंड पातळ आणि नरम. या जाड आणि पातळ भागांचा जिथे सांधा, तिथेच हवालदारांच्या खिशातली पुंगळी तुटलेली होती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. थ्री-नॉट-थ्री काडतुसाच्या बुडाला एक बाहेर आलेली कड असते, ताटाच्या काठासारखी. काडतूस नळीत सरकले की ही कड नळीच्या मागल्या तोंडावर टेकते आणि काडतूस तिथे थांबते. त्याच्या पाठीशी बोल्टचे डोके येऊन उभे राहते. नळीचे तोंड आणि बोल्टचे डोके यांच्यामध्ये कडेसाठी जी जागा असते, तिचे नाव हेडस्पेस. ही जागा अगदी शून्य ठेवता येत नाही. कारण कडेची जाडी काडतुसागणिक थोडी कमीअधिक असते आणि बोल्ट तर प्रत्येकावर मिटला पाहिजे. म्हणून थोडी ढील ठेवावीच लागते.

थोडी म्हणजे किती? इंचाचे हजार भाग करा. त्यांतले ६४ भाग ही कमीत कमी जागा आणि ७४ भाग ही जास्तीत जास्त. दोहोंमधला फरक दहा हजारांश, म्हणजे पाव मिलिमीटर. वहीचे दोन-अडीच कागद एकावर एक ठेवावेत, तेवढा!

ही जागा वाढली तर काय घडते ते पाहा. चाप ओढताच सुईच्या धक्क्याने काडतूस पुढे सरकते आणि पाठीमागे फट पडते. त्याच क्षणी आत चौरस इंचाला अठरा टनांच्या घरात दाब निर्माण होतो. पुंगळीचा पुढचा पातळ भाग नळीला चिकटून घट्ट बसतो, तर बूड मागे रेटले जाते. पुढचे हलत नाही, मागचे थांबत नाही. दोघांच्या ओढाताणीत मधले पितळ ताणते. फट थोडी असेल तर पितळ तेवढे सोसते. फार असेल तर तिथेच आडवे तुटते. पुष्कळदा यातून विपरीत काही होत नाही. पुंगळीचे बूड तेवढे बाहेर येते आणि पुढचा तुकडा नळीतच राहून दुसऱ्या काडतुसाची वाट अडवितो. रणांगणावर तेवढेही जिवावर बेतायला पुरेसे असते. पण कधीकधी तो कोंडलेला वायू तुटल्या जागेतून बोल्टच्या कडेने मागे धावतो, आणि तिथे शिपायाचा उजवा डोळा नेम धरून बसलेला असतो.

जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडात जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि अमेरिकेत नावारूपाला आलेला कारागीर. १८८८ साली इंग्रजी सैन्याने जी रायफल घेतली, तिचा बोल्ट त्याच्या डोक्यातून निघालेला. १८९५ मध्ये नळीची घडण बदलून तीच ली-एन्फील्ड झाली आणि पुढे दोन महायुद्धे लढली. लीने बोल्टचे डोके वेगळे करून धडाला आट्यांनी जोडले होते. त्याचा लाभ आर्मोररना झाला. रायफल झिजली, फट वाढली, तर सगळा बोल्ट टाकून द्यायला नको. जुने डोके फिरवून काढावे आणि किंचित लांब डोके बसवावे. दुसऱ्या महायुद्धातल्या चौथ्या नमुन्याच्या रायफलीसाठी अशी डोकी ०, १, २, ३ असे आकडे घालूनच येत. जुन्या नमुन्यात आकडे नसत. आर्मोररने साठ्यातले एकेक लावून पाहायचे. चपलेच्या दुकानात आपण पायाला जोड लावून पाहतो, तसाच प्रकार!

तपासणीची रीतही सांगण्यासारखी आहे. प्रथम दोष बंदुकीचा की काडतुसाचा, हे ठरवायचे. तीच काडतुसे दुसऱ्या रायफलीतून झाडून तिथल्याही पुंगळ्या तुटल्या, तर काडतुसांचा तो गठ्ठाच संशयित. झाडलेल्या पुंगळ्या उजेडात फिरवून पाहायच्या. बुडाजवळ बांगडीसारखी चकचकीत रेघ दिसली, की पितळ ताणले गेल्याची ती खूण. मग तारेचे टोक वाकवून पुंगळीच्या आत घालायचे आणि भिंतीवरून हलके ओढायचे. आत चर पडला असेल तर तार तिथे अडखळते. वैद्याने नाडीवर बोट ठेवावे तसे हे काम. शेवटी गेज, म्हणजे पोलादाचे खोटे काडतूस. बोल्टमधली सुई आणि पुंगळी ओढणारा आकडा काढून ठेवायचा, सारे स्वच्छ पुसायचे (कारण धुळीचा कणही इथे खोटी साक्ष देतो) आणि नुसत्या बोटाच्या दाबाने बोल्ट मिटायचा. ६४ च्या गेजवर तो मिटलाच पाहिजे. ७४ च्या गेजवर मिटता कामा नये. जोर लावला तर कोणताही बोल्ट कशावरही मिटेल, म्हणून आर्मोररच्या मनगटात बळापेक्षा संयम लागतो. ७४ वर मिटला, तर डोके बदला. सर्वांत लांब डोके लावूनही मिटतो, तर धड बदलून पाहा. तेही फुकट गेले तर रायफल कोतात ठेवू नका. मोठ्या कारखान्यात धाडा, नाहीतर बाद करा. काही जातींच्या रायफलींत नळी एक आटा मागे घेऊन काडतुसाचे घर नव्याने कोरतात. पण ते काम यंत्रशाळेचे, कॅम्पातल्या टेबलावरचे नव्हे.

एवढ्यावरून वाटेल, की फट जितकी कमी तितके बरे. तसे मानणाऱ्यांनीही फळ भोगले आहे. पहिल्या महायुद्धात कॅनडाचे सैन्य रॉस नावाची आपली स्वतःची रायफल घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर उतरले. रायफल नेमबाजीत अजोड. तिचे काडतुसाचे घर मोजूनमापून तंग कोरलेले. स्वच्छ मैदानात, स्वदेशी काडतुसांनी तिने बक्षिसे मिळविली होती. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या रणात चिखल होता, विषारी वायू होता आणि हाती होती घाईने बनलेली इंग्रजी काडतुसे, माप किंचित सैल. चार बार झाले की रायफल तापे आणि बोल्ट अडकून बसे. शिपाई बुटाच्या टाचेने आणि खंदक खणायच्या हत्याराने बोल्ट ठोकून उघडीत होते. हजाराहून अधिक जणांनी रॉस फेकून दिली आणि पडलेल्या इंग्रज शिपायांच्या ली-एन्फील्ड उचलल्या. पुढल्याच वर्षी ती आघाडीवरच्या पायदळाकडून काढून घेण्यात आली. ली-एन्फील्डचे घर मुळातच थोडे ऐसपैस होते. चिखल, धूळ, सैल काडतूस, सारे ती पोटात घेई. ज्या ढिलाईने डोळा जातो, तिच्याच योग्य मापाने जीव वाचतो. सारी विद्या त्या ‘योग्य’ शब्दात आहे.

आणि योग्य म्हणजे काय, हे डोळ्याने ठरत नाही. अमेरिकेत १९१७ साली स्प्रिंगफील्ड रायफली फुटू लागल्या, तेव्हा चौकशीत निघाले ते असे. काडतुसाने दगा दिला की बंदुकीच्या पोलादाने तो धक्का सोसायचा असतो. पण ते पोलादच ठिसूळ झाले होते. का? तर जुने, अनुभवी कामगार भट्टीतल्या लोखंडाचा रंग पाहून ताव ओळखीत. ढगाळ दिवशी बरोबर दिसणारा रंग भर उन्हात फिका वाटे आणि पोलाद गरजेपेक्षा शेकडो अंशांनी अधिक तापे. माणसे निष्णात होती, प्रामाणिक होती. दगा दिला तो खिडकीतल्या उन्हाने! मग भट्ट्यांना उष्णतामापक बसविण्यात आले.

मोजमापाच्या शास्त्राला याच धंद्याने एक अपूर्व देणगी दिली आहे. स्वीडनमधील एस्किल्स्टुना गावी रायफल कारखान्यात कार्ल योहानसन नावाचा आर्मोरर होता. १८९४ साली जर्मनीतल्या माउझर कारखान्यातली गेजची प्रचंड रास त्याने पाहिली. प्रत्येक भागाला, प्रत्येक मापाला वेगळा ठोकळा! परतीच्या प्रवासात त्याच्या मनात आले, की थोड्या ठोकळ्यांच्या बेरजेने सगळी मापे का साधू नयेत? १८९६ च्या सुमारास त्याने १०२ पोलादी ठोकळ्यांचा संच योजला. त्यांच्या जुळणीने २०,००० वेगवेगळी मापे मिळत. त्यांचे पृष्ठभाग इतके सपाट, की एकमेकांवर सरकवले की चिकटून बसत. हे ठोकळे घासायला त्याच्याकडे यंत्र नव्हते. म्हणून त्याने घरी बायकोचे शिवणयंत्र त्या कामाला जुंपले! आज मोटारीपासून पाणबुडीपर्यंत जे काही बनते, त्याच्या मापांची वंशावळ त्या शिवणयंत्रापर्यंत जाऊन भिडते. त्या माउलीला आपली शिलाई परत कधी सुरू करता आली, हे मात्र इतिहास सांगत नाही.

आता खडकीकडे या. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. थ्री-नॉट-थ्रीच्या असंख्य पुंगळ्यांच्या बुडावर ‘के एफ’ अशी दोन इंग्रजी अक्षरे आढळतात. ती किर्की फॅक्टरीची, म्हणजे आपल्या खडकीची. आणि ज्या रायफलीत ही काडतुसे जात, त्या बनत बंगालमध्ये, हुगळीकाठच्या इशापूरला. मधे निम्मा देश! खडकीत पितळेच्या चकत्या ओढणारा कामगार इशापूरला कधी गेला नसेल. इशापूरच्या लेथवरचा बंगाली मिस्त्री मुळा-मुठेचे पाणी प्यायला नसेल. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. तरी एकाने केलेली कड दुसऱ्याने केलेल्या जागेत कागदाच्या फरकाने बसत असे. हा भरवसा कोणी कोणाला दिलेल्या वचनावर उभा नव्हता. दोन्हीकडे तेच गेज होते, त्यावर उभा होता.

चीनशी १९६२ साली युद्ध झाल्यानंतर इशापूरने याच जुन्या नमुन्यात एक मोठा पालट केला. थ्री-नॉट-थ्रीऐवजी ७.६२ मिलिमीटरचे नवे काडतूस घेणारी रायफल तिथे तयार झाली. बाह्यरूप थेट ली-एन्फील्डचे, पोलाद मात्र अधिक कसाचे. या काडतुसाला बाहेर आलेली कड नाही. ते आपल्या निमुळत्या खांद्यावर टेकते. म्हणजे फट मोजण्याची जागाच बदलली, गेज बदलले, हिशेब बदलला. पण खूप मागे राहिलेली थ्री-नॉट-थ्रीही लवकर सुटली नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हाती थ्री-नॉट-थ्रीच होती. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी समारंभपूर्वक निरोप दिला.

त्या बातमीने मला आमचे हवालदार आठवले. चौकशी करता कळले, की ते गावी शेती पाहतात. सुट्टीत मुद्दाम गेलो. वय झाले होते, पण ओळख पटली. “बोल्टांचं घमेलं!” म्हणून मोकळे हसले. चहा झाल्यावर मी त्या तुटक्या पुंगळीची आठवण काढली. ते उठले आणि देवळीतून ती घेऊन आले. पितळ काळवंडले होते.

“तवा तुमाला अर्धंच सांगितलं हुतं,” ते म्हणाले. “मी नवा हुतो. दुसऱ्या दिवशी फायरिंग, आन् रातच्याला पन्नास रायफली तपासायच्या. चाळीस केल्या. ऱ्हायलेल्या धा नुसत्या बघून सोडल्या. साफ हुत्या, बोल्ट मिटत हुता. त्यातल्या एकीत दुसरीचा बोल्ट हुता. पोरगा तुमच्या सातवी-आठवीतल्या पोरांपरास चार-पाच वर्सांनीच मोठा आसंल. त्येचा डोळा गेला.” थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “चौकशीत काडतूस खराब निघालं म्हून लिवलं. मला कुनी काय म्हनलं न्हाई. पन वहीवर सही माजी हुती, मास्तर. पन्नासच्या पन्नास तपासल्या म्हून.”

मी पुंगळीचे दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले. नीट जुळत होते. मधे रेघ तेवढी दिसत होती. निघताना त्यांनी मला विचारले, “अजून पोरांच्या वह्या तपासता न्हवं?”

“तपासतो की,” मी म्हटले.

“समद्या?”

परीक्षेच्या दिवसांत, रात्री अकराच्या पुढे, गठ्ठ्यातल्या शेवटच्या दहा वह्या समोर असतात, तेव्हा तो प्रश्न मला ऐकू येतो. लाल पेन खाली ठेवतो, डोळ्यांवर पाणी मारून येतो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागतो.